कूलंट ‘संपत’ नसतं: एक सैल क्लिप आणि खंबाटकीचा घाट

(ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. जसं बोलले तसंच ठेवलंय, फक्त ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत.)



आज गाडीबद्दल बोलायचंय. घाबरू नका, मी मेकॅनिक नाही आणि तुम्हालाही मेकॅनिक करणार नाही. आजचा विषय आहे रेडिएटरचा पाइप आणि तो जागेवर धरून ठेवणारी एक क्लिप. ही क्लिप चहा-वडापावच्या पैशात मिळते. आणि ती नीट बसलेली नव्हती म्हणून मी, माझी आई आणि माझी आजी मे महिन्याच्या उन्हात खंबाटकीच्या घाटात तासभर उभ्या होतो.

आधी ती गोष्ट सांगते, मग दुरुस्ती सांगते. कारण दुरुस्ती वीस मिनिटांची आहे, पण माझी चूक महिनाभराची होती.

तर झालं असं. आमची गाडी अकरा वर्षांची छोटी हॅचबॅक. बाबांनी घेतलेली, आता जास्त मीच चालवते. एप्रिलमध्ये तिचा रेडिएटरचा वरचा पाइप बदलून घेतला होता. त्यानंतर एका रविवारी गाडी पुसताना बघितलं तर कूलंटच्या टाकीतली पातळी ‘मिन’च्या रेघेवर आलेली. मी काय केलं? बाटलीभर नळाचं पाणी ओतलं. पुढच्या रविवारी परत तेच. त्याच्या पुढच्या रविवारी परत तेच. मनाशी म्हणलं, उन्हाळा आहे, आटत असेल. घरी कोणाला सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

इथे थांबून एक वाक्य सांगते. आजच्या भागातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा. कूलंट पेट्रोलसारखं जळून संपत नाही. ते बंद रस्त्यावर गोल गोल फिरत असतं. वर्षभरात पातळी बोटभर इकडेतिकडे झाली तर ठीक. पण दर आठवड्याला कमी होत असेल, तर ते कुठूनतरी बाहेर जातंय. वरून पाणी ओतणं म्हणजे गळक्या बादलीखालची फरशी पुसत बसणं.

मे महिन्यात साताऱ्याला मामेबहिणीचं लग्न होतं. बाबांना सुट्टी नव्हती. मग मी गाडी काढली. आई पुढे, आजी मागे, आजीच्या मांडीवर लाडवांचा डबा. शिरवळपर्यंत सगळं मस्त. खंडाळा गाव मागे पडलं, घाट सुरू झाला. पुढे ट्रकची रांग, आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, एसी फुल. आजी म्हणाली, “अगं, गुळाचा पाक केल्यासारखा वास कुठून येतोय?” मला वाटलं, डब्यातून येत असेल.

तो वास कूलंटचा होता. गरम कूलंटला गोडसर, जरासा औषधी वास येतो. मग एसी गार वारा देईना. मग मी काट्याकडे बघितलं, तर काटा नेहमीच्या मधल्या जागेवरून वर सरकलेला. आणि पुढच्या वळणावर बोनेटच्या कडेने वाफ.

आता माझ्याकडून नेमकं काय बरोबर झालं आणि काय चुकता चुकता राहिलं, ते सांगते.

बरोबर हे झालं, की मी लगेच डावीकडे थोडी रुंद जागा बघून गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. “वर पोचू या, तिथे बघू” असं म्हणाले नाही. पार्किंगचे चारही दिवे लावले, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला. आई आणि आजीला डावीकडच्या दारानं उतरवून रस्त्यापासून लांब, सावलीला बसवलं. लाल त्रिकोण मागे ठेवला.

आणि चुकणार होतं ते हे. मी बोनेट उघडलं, वाफ जरा विरली आणि माझा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला. डोक्यात एकच होतं, पाणी ओतायचं. तेवढ्यात आईने बाबांना फोन लावला होता. फोन स्पीकरवर होता. बाबा ओरडले, “झाकणाला हात लावू नकोस!”

माझे बाबा ओरडत नाहीत हो. म्हणून मी थबकले.

बाबांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक चट्टा आहे. मी जन्मायच्या आधीचा. मित्राची जीप, कसारा घाट, गरम झालेलं इंजिन आणि घाईत उघडलेलं झाकण. ही गोष्ट ते नेहमी हसत हसत सांगतात, जीप कशी खटारा होती वगैरे. त्या दिवशी फोनवर ते हसत नव्हते. पुढे म्हणाले, “मी हात आडवा घातला म्हणून तोंड वाचलं. तू लांब हो आधी.”

हा भाग मला आम्हाला कोणीच सांगितला नव्हता.

आता हे असं का होतं ते समजून घेऊ, कारण कारण कळलं की हात आपोआप मागे येतो. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की उकळण्याचा आकडा सहा-सात अंशांनी वर जातो. पण इंजिनला त्याहून जास्त सवलत लागते. म्हणून सगळी यंत्रणा दाबाखाली ठेवतात. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो हाच दाब. दाब वाढला की उकळण्याचा बिंदूही वाढतो, १२० अंशांच्याही पुढे जातो. म्हणजे आतलं पाणी ११० अंशांना असूनही उकळत नाही, कारण झाकण त्याला दाबून धरतंय.

तुम्ही झाकण उघडलंत की दाब एका क्षणात जातो, आणि ते सगळं पाणी त्याच क्षणी उकळून वर उसळतं. अंगावर, तोंडावर.

घरातला कुकर आठवा. ज्या कुकरचं झाकण आतून बसतं, तो दाब असेपर्यंत उघडतच नाही, वाफच झाकणाला घट्ट धरून ठेवते. रेडिएटरच्या झाकणाला तशी दया नाही. जोर लावला की ते उघडतं. म्हणून वाट बघायची. किमान अर्धा-पाऊण तास. वरचा पाइप बाहेरून हाताला कोमट लागेपर्यंत आणि दाबला तर सहज दबेपर्यंत. टणक लागला तर आत अजून दाब आहे, मग अजून थांबायचं. आणि पंख्यापासून हात लांब ठेवा, काही गाड्यांत इंजिन बंद असलं तरी पंखा अचानक सुरू होतो.

आम्ही थांबलो. पुढे एक ट्रक उभा होता, कोल्हापूरकडे निघालेला. त्याचे ड्रायव्हर काका खाली उतरून आले. म्हणाले, “ताई, घाई करू नगा. लोखंड आधी निवू द्या.” मग ते आजीशेजारी बसून लाडू खायला लागले. चाळीस मिनिटांनी उठले, वाकून बघितलं आणि एका मिनिटात बोट ठेवलं. “ह्यो बघा. क्लिप पार टोकाला बसलीया.”

आता ही क्लिप नेमकी काय भानगड आहे?

रेडिएटरला एक तोंड असतं, नळीसारखं. रबरी पाइप त्या तोंडावर चढवतात. त्या तोंडाच्या टोकाशी एक बारीक उंचवटा असतो, बांगडीसारखा. पाइप या उंचवट्याच्या पलीकडे पूर्ण आत जायला हवा, आणि क्लिप उंचवट्याच्या मागे, रेडिएटरच्या बाजूला बसायला हवी. म्हणजे दाबाने पाइप बाहेर सरकायला लागला की क्लिप उंचवट्याला अडते. आमची क्लिप उंचवट्याच्या अलीकडे होती. तिने रबर धरलं होतं, पण तिला अडायला काहीच नव्हतं. रोज गाडी गरम व्हायची, दाब यायचा, पाइप केसभर सरकायचा आणि दोन थेंब बाहेर पडायचे. गरम भागावर पडून वाळून जायचे, म्हणून खाली जमिनीवर डाग नाही. महिनाभर हेच चाललं होतं. घाटात जोर पडला आणि पाइप अर्धा निघाला.

पाइप ज्यांनी बसवला त्यांची चूक होती का? होती. पण जोडाभोवती पांढरट-हिरवट खपली जमली होती. मी बोनेट उघडून बाटली ओतायचे, ती जागा त्या टाकीपासून फूटभर अंतरावर होती. एकदाही वाकून बघितलं नाही.

काकांच्या स्क्रू ड्रायव्हरने क्लिप सैल केली, पाइप पूर्ण आत ढकलला, क्लिप मागे सरकवून आवळली. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या होत्या, त्या सावकाश ओतल्या. सावकाश का, तर तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं तर धातूला तडा जाऊ शकतो. मग एसी बंद, खिडक्या उघड्या, एक डोळा काट्यावर, असं करत साताऱ्याला पोचलो. वाटेत दोनदा थांबून जोड बघितला. निघताना चाकाखालचा तो दगड उचलून कडेला टाकला. तुम्हीही टाका हं, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव असतो त्यात.

ही झाली रस्त्यावरची तात्पुरती दुरुस्ती. आता घरी, शांतपणे नीट कशी करायची ते सांगते. लागेल काय? स्क्रू ड्रायव्हर किंवा पक्कड, स्वच्छ फडकं, एक टब, नवी क्लिप आणि तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट.

पहिलं. गाडी पूर्ण थंड हवी. रात्रभर उभी असलेली उत्तम. मग झाकणावर फडकं टाकून हळूहळू उघडा.

दुसरं. हात लावण्याआधी मोबाइलने फोटो काढा. क्लिप कुठे होती, तिचा स्क्रू कुठल्या दिशेला होता. जिथे डोकं घुसत नाही तिथे मोबाइल घुसवा आणि फ्लॅश लावून व्हिडिओ काढा. खपली, ओल, भेग, सगळं दिसतं.

तिसरं. टब खाली ठेवा, थोडं कूलंट सांडेलच. ते उघड्यावर सोडू नका. कूलंटमध्ये सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड आणि पक्कं विषारी. गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. लहान मुलांनाही तोच धोका. टबातलं कूलंट झाकून ठेवा, सांडलेलं लगेच पुसून भरपूर पाण्याने धुवा.

चौथं. क्लिप सैल करून मागे सरकवा आणि पाइप पिळत पिळत काढा. पाइप आणि तोंड यांच्यामध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. आजकाल रेडिएटरचं तोंड बहुतेक प्लॅस्टिकचं असतं. ते मोडलं तर क्लिपचं काम रेडिएटरवर जातं.

पाचवं. तोंड पुसा. जुनी खपली, रबराचे तुकडे काढा. प्लॅस्टिकवर हलक्या हाताने, खरवडू नका. बोट फिरवून बघा, बारीक तडा असेल तर नखाला लागतो. मग पाइपचं टोक बघा. दाबल्यावर स्पंजसारखं लुसलुशीत किंवा कडक ठिसूळ लागतंय, भेगा दिसताहेत, तर क्लिप आवळून उपयोग नाही. पाइपच बदला.

सहावं, आणि इथे सगळे फसतात. आधी क्लिप पाइपवर घाला, मग पाइप तोंडावर चढवा. पाइप चढवून झाल्यावर क्लिप हातात उरते आणि आपण स्वतःलाच शिव्या देतो. पाइप जात नसेल तर टोकाला आतून थोडं कूलंट किंवा पाणी लावा. तेल, ग्रीस अजिबात नको. या पाइपांचं रबर तेलाने फुगून खराब होतं.

सातवं. पाइप पूर्ण आत, क्लिप उंचवट्याच्या मागे आणि पाइपच्या टोकापासून चार-पाच मिलिमीटर आत. मग आवळा. किती? क्लिपची पट्टी रबरात किंचित रुतली आणि हाताने पाइप फिरेनासा झाला की बस. रबर पट्टीच्या खाचांतून फुगून बाहेर यायला लागलं म्हणजे जास्त झालं. जास्त आवळल्याने रबर कापलं जातं, प्लॅस्टिक चेपतं. जोर हा उपाय नाही, जागा हा उपाय आहे.

क्लिप दोन प्रकारच्या असतात. एक स्क्रूची, जिला हार्डवेअरच्या दुकानात जुबली क्लिप म्हणतात. गंमत म्हणजे जुबली हे मुळात एका ब्रँडचं नाव. इंग्लंडच्या नौदलातले एक निवृत्त कमांडर, लम्ली रॉबिन्सन, यांनी १९२१ साली तिचं पेटंट घेतलं. शंभर वर्षं झाली, अजून तीच रचना. दुसरी स्प्रिंगची, पकडीने दाबून बसवायची. बऱ्याच नव्या गाड्यांत कंपनीतून हीच येते, कारण रबर गरम होऊन फुगलं, गार होऊन आक्रसलं, तरी स्प्रिंग आपोआप जुळवून घेते. स्क्रूची क्लिप जुळवून घेत नाही, म्हणून काही दिवसांनी ती पुन्हा तपासावी लागते. तुमच्या गाडीत स्प्रिंगची असेल तर शक्यतो तशीच घ्या. आणि माप नीट घ्या. फार मोठी क्लिप आवळली की ती गोल राहत नाही, लांबट होते आणि दोन बाजूंनी गळतं.

आठवं. आता भरायचं आणि हवा काढायची. आतमध्ये हवेचा बुडबुडा अडकला तर क्लिप कितीही चांगली असो, गाडी परत गरम होणार. शक्य असेल तर गाडीचं तोंड जरा चढावर ठेवा. कूलंट हळू ओता. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. झाकण उघडं ठेवून इंजिन नुसतं चालू ठेवा आणि समोर तोंड नेऊ नका. सुरुवातीला बुडबुडे येतील. थोड्या वेळाने थर्मोस्टॅट उघडतो, वरचा पाइप एकदम गरम होतो आणि पातळी खाली जाते. तेवढं भरा, झाकण लावा. काही गाड्यांत हवा काढायला वेगळा स्क्रू असतो, काहींमध्ये झाकण रेडिएटरवर नसून टाकीवरच असतं. पुस्तिका बघा, पाच मिनिटं लागतात.

नववं. पंखा एकदा सुरू होईपर्यंत थांबा, जोड कोरडा आहे ना बघा. मग जवळच एक फेरी मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, पातळी बघा आणि क्लिप तपासा. आठवड्याने परत एकदा.

झालं. एवढंच.

आता काही वेळा स्वतः करू नका, सरळ गाडी ओढून न्या. इंजिन ऑइल चहात दूध घातल्यासारखं दिसतंय, सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर सतत येतोय, किंवा पाणी भरल्यावर लगेच बुडबुडत बाहेर फेकलं जातंय, तर हेड गॅसकेट गेलं असण्याची शक्यता आहे. गरम इंजिन तसंच दामटलं की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि हे होतं. अशी गाडी चालवत नेऊ नका. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे, आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा.

आणि एक फसवी गोष्ट. काटा वर गेला आणि मग अचानक खाली आला, तर “चला, गार झाली” असं समजू नका. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असतो. कूलंटच संपलं तर तो मोजणार काय? काटा खाली येऊ शकतो आणि इंजिन मात्र भाजत असतं. वाफ, गोड वास, हीटरमधून येणारा गार वारा, यांपैकी काहीही जाणवलं की काट्याचं ऐकू नका, थांबा.

लग्नाला आम्ही पोचलो, पण अक्षता पडून गेल्या होत्या. आजीला त्याचं वाईट वाटलं. तिने बोलून दाखवलं नाही, पण फोटो बघताना ती दोनदा म्हणाली, “आपण यात नाही.” ते मला अजून टोचतं. एक महिना माझ्याकडे वेळ होता आणि मी बाटली ओतत बसले.

घरी आल्यावर बाबांनी गाडी बघितली. क्लिप हाताने हलवून बघितली, मान डोलावली. मग टाकीवर मार्करने एक रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. म्हणाले, “रेघेच्या खाली गेली की ओतायच्या आधी मला सांग.” आता दर रविवारी मी रेघ बघते. अजून पातळी तिथेच आहे.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. उद्या सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, बोनेट उघडा. टाकीतली पातळी बघा, मार्करने रेघ मारा, तारीख लिहा. मोबाइलचा टॉर्च लावून वरच्या आणि खालच्या पाइपचे जोड बघा. खपली दिसली तर आजच्या भागातलं पहिलं वाक्य आठवा.

आणि घरात कोणी गाडी चालवायला नवीन शिकत असेल, तर त्यांना हा भाग पाठवण्याआधी एकच गोष्ट तोंडाने सांगा. गरम गाडीच्या झाकणाला हात लावायचा नाही.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.